डाळिंबी रंग आणि माझे काटकसरी दिवे

मी इमारतींची वीज वाचवते. पोटापाण्यासाठी पॉलिटेक्निकात वीज शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं, बँका, मंगल कार्यालयं, सरकारी कचेऱ्या पालथ्या घालून कुठे किती वीज वाया जाते ते त्यांना सांगते. याला ऑडिट म्हणतात. ऑडिट हा शब्द ऐकला की आमच्या बाजारपेठेतला दुकानदार आधी घामाघूम होतो, आणि याचा वह्यांशी काही संबंध नाही असं कळलं की लगेच दोन चहा सांगतो. या चहांच्या जोरावर मी बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या बऱ्याच छपरांखाली बसून आले आहे. एवढं फिरून माझं मत असं झालंय की माणसं गरजेपोटी थोडी वीज जाळतात आणि प्रतिष्ठेपोटी बाकीची.

एका कचेरीत 'वीज वाचवा' असा फलक होता. तो फक्त कन्नडमध्ये आहे म्हणून कोणीतरी अर्ज दिला. मग मराठीतला आला. मग कुठला मोठा आणि कुठला लहान यावरून फूटपट्टी निघाली. शेवटी दोन्ही अगदी सारख्या मापाचे करून शेजारी शेजारी लावले. जागा मिळाली ती जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, म्हणून ते वाचता यावेत यासाठी वर एक ट्यूब बसवली. ती कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत जळते. मी अहवालात ती ट्यूब लिहिली तेव्हा तिथले साहेब हात जोडून म्हणाले, "मॅडम, तेवढं सोडून काय पायजे ते लिवा. नाजूक बाब हाय ती."

दुसऱ्या ठिकाणी वीजबचतीवरच चर्चासत्र होतं. भर दुपारी पडदे ओढून घेतलेले, अंधार झाला म्हणून सगळे दिवे लावलेले, आणि एसी इतका मायंदाळ की पाहुणे कुडकुडत होते. एरवी सत्काराची शाल लोक घडी करून मांडीवर ठेवतात. तिथे ती वक्त्यांनी खरोखर अंगभर पांघरली, आणि ज्यांचा सत्कार नव्हता ते त्यांच्याकडे हेव्याने बघत होते. मी घरी येऊन या गोष्टी रंगवून सांगायचे. लोकांचं हसं करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझे विद्यार्थी म्हणतात.

दुसऱ्यांचं हसून झालं. आता स्वतःचं सांगते.

माझे वडील विणकर. बेळगावच्या शहापुरात आमचं घर, पुढच्या सोप्यात दोन माग आणि मागे आम्ही. नोकरी लागल्यावर मी टिळकवाडीत राहायला गेले, जिथे दुपारी घरांतून कसलाही आवाज येत नाही. आईवडील शहापुरातच राहिले. वडिलांना सगळी गल्ली आप्पा म्हणते म्हणून मीही आप्पाच म्हणते. आप्पांनी हरतऱ्हेच्या रंगांच्या साड्या विणल्या, पण त्यांचं नाव झालं ते डाळिंबीमुळे. डाळिंबी म्हणजे नुसता लाल नव्हे. पिकलं डाळिंब फोडून त्यातला दाणा उन्हात धरला की त्याच्या पोटात जो रंग दिसतो, तो. सूत रंगायला टाकलं की आप्पा रंगाऱ्याच्या हंड्याशी स्वतः उभे राहायचे, आणि सूत वाळलं की लडी हातात घेऊन दाराशी यायचे. शहापूर-वडगावातले इतर विणकरही नवा रंग आणला की आधी आमच्या पायरीशी थांबायचे. "आप्पा, जरा बघा की ओ." आप्पा बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, 'बसलाय' नाहीतर 'न्हाय'. त्यावर अपील नव्हतं. शिकलेली बाई म्हणून मला याचं हसू यायचं, आणि मुलगी म्हणून माझी मान ताठ व्हायची.

शहापुरात माग बंद पडणं ही आता काही बातमी राहिलेली नाही. माग भंगारात जातो आणि त्याच सोप्यात मोबाइलचं दुकान निघतं. आप्पांचे दोन्ही माग चालू राहिले ते डाळिंबीच्या जिवावर. बाजारातल्या एका जुन्या दुकानात त्यांच्या साड्यांसाठी एक अख्खं कपाट होतं. निपाणीकडून, खानापूरकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं थेट त्या कपाटाकडे बोट करायची. ते कपाट आहे तोवर आपले माग आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वयाच्या सत्तरीत आप्पांना दुसरा कुठला उद्योग येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता.

त्याच दुकानाने मला ऑडिटला बोलावलं.

इमारत दगडी, भिंती हातभर जाड, वर उंच कौलारू छप्पर आणि त्यात मधूनमधून काचेची कौलं. उन्हाळ्यातही आत पंख्यावर भागायचं. पण मालक एकदा हुबळीला एक शोरूम बघून आले आणि त्यांना आपलं दुकान एकाएकी गावंढळ दिसायला लागलं. त्यांनी कौलांखाली पांढरं खोटं छत मारून घेतलं. काचेची कौलं त्याच्या वर गडप झाली. दर्शनी बाजूला भलीमोठी काच आली, गाद्या जाऊन काउंटर आले, एसी आले. आत अंधार झाला म्हणून दिवसा दिवे लागले, दिव्यांनी उकडायला लागलं म्हणून आणखी एक एसी आला. मग बिल आलं आणि त्याच्या पाठोपाठ मी आले.

"मॅडम," मालक म्हणाले. लहानपणापासून ते मला 'पोरी' म्हणायचे, पण मी मीटर घेऊन आले होते. "काय तर करा ओ. ह्या बिलानं डोकं उठवलंय."

खरा उपाय साधा होता. वरचं छत काढा, कौलांतून उजेड येऊ द्या. मी तसं चाचरत सुचवूनही बघितलं. मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी त्यांना दुकानात धोतर नेसून बसा म्हणाले. मी लगेच विषय बदलला. आमच्या धंद्यात या भित्रेपणाला 'ग्राहकाची गरज समजून घेणं' म्हणतात.

मग मी तीन दिवस कोपऱ्यात वही घेऊन बसले आणि चोर शोधला. चोर म्हणजे दार. आमच्याकडची बाई साडी दुकानात पसंत करते, पण बघते ती पायरीवर. काउंटरवरची साडी खांद्यावर टाकायची आणि सरळ दार उघडून बाहेर यायचं. मागोमाग सासू, नणंद, दोन जावा, एक मावशी आणि त्या मावशीची शेजारीण. पदर उन्हात धरायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा. रस्त्याने भाजी घेऊन चाललेली एखादी अनोळखी बाईही थांबून सांगते, "हिला न्हाय गं खुलत हा." मग सगळी वरात आत, दुसरी साडी, पुन्हा बाहेर. एका बस्त्याला दार किती वेळा उघडलं ते मी मोजायला लागले आणि कंटाळून सोडून दिलं. दर वेळी आतला थंडावा भसकन रस्त्यावर. समोरचा चप्पल शिवणारा मला म्हणाला, "त्यांचा एसी आमाला बी हाय की!"

मी अहवाल लिहिला. भाषा अशी भारदस्त की मलाच माझा आदर वाटला. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवा. दर्शनी काचेला ऊन अडवणारी गडद फिल्म चिकटवा. जुने पिवळे दिवे काढून एलईडी लावा. ते मीच कॅटलॉग घेऊन निवडले, कमीत कमी विजेत जास्तीत जास्त उजेड देणारे. आणि दारावर पाटी लावा, 'साडी बाहेर नेऊ नये, एसी चालू आहे', मराठीत आणि कन्नडमध्ये, एका मापात. मापं मी स्वतः तपासली, कारण कचेरीतली फूटपट्टी माझ्या लक्षात होती.

मालकांनी सगळं केलं. बिल उतरलं, तेही नजरेत भरण्याइतकं. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने 'ऊर्जास्नेही दुकान' असं प्रमाणपत्र दिलं आणि त्यात खाली माझंही नाव छापलं. मालकांनी ते फ्रेम करून काउंटरमागे लावलं आणि ते उठून दिसावं म्हणून त्याच्यावर एक वेगळा दिवा सोडला. मी त्या दिव्याबद्दल काही बोलले नाही. आपल्या नावावर पडणारा उजेड कोणाला जड जातो?

त्या दिवसांत मी दुकानात मोजमापं घ्यायला जायचे. एकदा निपाणीकडची एक म्हातारी बाई नातीच्या बस्त्याला आली होती. साडी हातात घेऊन ती दाराकडे निघाली तर विक्रेत्याने पाटी दाखवली.

"हितंच बघा की आक्का. केवढा उजेड हाय!"

"उजेड लई हाय बाबा," म्हातारी म्हणाली, "पण दिसंना झालंय की."

सगळं दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. पुढे वर्षभर हा किस्सा मी वर्गात सांगत होते, नव्या गोष्टींना लोक कसे बुजतात याचं उदाहरण म्हणून. पोरंही हसायची.

चारेक महिन्यांनी मालकांनी आप्पांना बोलावणं धाडलं. मी त्या दिवशी योगायोगाने तिथेच होते. मोजमापांची दुसरी फेरी होती, संघटनेचे दोघं आले होते, आणि मी वही घेऊन त्यांना समजावून सांगत होते. आप्पा आले, पायरीशी चपला काढल्या आणि आत येऊन उभे राहिले. मालकांनी डाळिंबी साड्यांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला.

"आप्पा, ह्या येळचा माल उठंना झालाय ओ. गिऱ्हाईक बघतंय आन् ठेवतंय. रंग बसलेला न्हाय काय?"

आप्पांनी एक साडी उलगडली. पदरावरून हात फिरवला. मग मान वर करून छताकडे बघितलं, तिथे माझे दिवे ओळीने जळत होते. मला वाटलं, लेकीचं काम बघतायत. मी तर किंचित हसलेही त्यांच्याकडे बघून. मग त्यांनी मालकांकडे बघितलं, संघटनेच्या त्या दोघांकडे बघितलं, आणि सावकाश साडीची घडी घातली.

"व्हय," ते म्हणाले. "उतरलाय रंग. चूक माजीच हाय. डोळ्याला आता कळंना झालंय."

मालकांना अवघडल्यासारखं झालं. आप्पांच्या तोंडून आजवर कोणी 'कळंना' ऐकलं नव्हतं. आप्पांनी गठ्ठा उचलून काखेत मारला आणि स्प्रिंगच्या दाराला खांदा लावून बाहेर पडले. दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं. ते नीट मिटतंय ना, हे मी त्याही क्षणी बघितलं.

आता मी काय केलं ते ऐका. मी रविवारी शहापुरात जाऊन सत्तरीतल्या विणकराला व्याख्यान दिलं. वय झालं की नजर कमी होते, यात लाजण्यासारखं काही नाही, वेळेत दाखवलं पाहिजे, वगैरे. आप्पा मान हलवत ऐकत होते. मग मी त्यांना गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तासभर सगळं तपासलं आणि सांगितलं की या वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, रंगही बरोबर ओळखतात. यावर शहाण्या माणसाला काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते असं, की आप्पांचा आत्मविश्वास गेलाय. येताना मी गाडीत आत्मविश्वासावरही बोलले.

त्या वर्षात कपाटातला डाळिंबी हळूहळू कमी झाला आणि मग संपला. तिथे गुजरातेतून येणाऱ्या चमकत्या साड्या आल्या, भडक राणी आणि निळ्या, अंगावर खडे मारलेल्या. लडी घेऊन आमच्या दाराशी येणाऱ्यांना आप्पा स्वतःच सांगायचे, "मला नका दाखवू रं, माजं डोळं गेलं." ऐकणारा दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. एक माग थांबला. त्याच्यावर आईने सुकवायला पापड घातलेले मी बघितले आणि मला बरं वाटलं, की चला, जागेचा उपयोग होतोय. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा खरंच असं वाटलं होतं.

मग निपाणीचे काही कापड दुकानदार हे ऊर्जास्नेही दुकान बघायला येणार असं ठरलं. आपल्याकडेही असंच करून घ्यावं असा त्यांचा विचार होता, आणि समजावून सांगायला अर्थातच मी. त्या दिवशी नेसायला मी परत आलेल्या गठ्ठ्यातली एक डाळिंबी साडी घेतली. मनात म्हटलं, रंग उतरलेला का असेना, तेवढंच आप्पांना बरं वाटेल. उपकाराचा हा ढंग मला माझ्या शिक्षणाने दिला असावा. टिळकवाडीतल्या घरात खिडकीशी उभं राहून निऱ्या घातल्या तेव्हा साडी सुरेख दिसत होती. मी म्हटलं, माया असली की असं दिसतं.

दुकानात पोचले. पाहुणे यायचे होते म्हणून पदर सारखा करायला आरशासमोर गेले. आरशात एक बाई उभी होती आणि तिने जळक्या विटेच्या रंगाचं काहीतरी गुंडाळलं होतं. मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आहे का. कोणी नव्हतं. पदर हातात घेतला, वरच्या दिव्यांखाली धरला. विटकरी. त्यात कुठेही डाळिंब नव्हतं. मी काचेशी गेले तर फिल्ममधून येणाऱ्या उजेडात तो आणखीच काळवंडला. मग दार ढकलून पायरीवर आले.

उन्हात पदर पेटल्यासारखा लाल झाला.

मी आत गेले, विटकरी. बाहेर आले, डाळिंबी. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तोवर निपाणीचे दुकानदार येऊन ठेपले होते आणि आदराने बाजूला उभे राहून हा प्रकार बघत होते. शेवटी त्यांच्यातला एक थोराड गृहस्थ हळूच म्हणाला, "मॅडम, एसी भायेर चाललाय."

तेव्हा मला कॅटलॉग आठवला. दिव्याच्या कॅटलॉगात प्रत्येक दिव्यापुढे दोन आकडे असतात. एक, तेवढ्या विजेत उजेड किती देतो. दुसरा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. काही दिवे उजेड भरपूर देतात पण लाल रंग खाऊन टाकतात, आणि जे रंग खरे दाखवतात ते थोडी जास्त वीज घेतात. हे मी दर वर्षी मुलांना शिकवते, परीक्षेला विचारते, चुकलं तर मार्क कापते. आणि साडीच्या दुकानासाठी दिवे निवडताना, विणकराच्या पोटी जन्मलेली मी, तो दुसरा आकडा वाचूनही मनावर न घेता पुढे गेले होते. दुसरीकडे, ज्या बायकांना हा आकडा ठाऊक नव्हता त्या पिढ्यान् पिढ्या साडी पायरीवर नेऊन तो मोजत होत्या. त्यांना अडवायला मी दोन भाषांत पाटी लावली होती.

पाहुण्यांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. थोडक्यात आटपलं आणि तशीच शहापुरात गेले. चालू असलेल्या एका मागावर आप्पा वाकून तुटलेला धागा जोडत होते. मी सोप्याच्या दारात उभी राहिले.

"आप्पा, तुमाला कळलं हुतं न्हवं?"

"काय गं?"

"दुकानातल्या दिव्यांचं."

त्यांनी धाग्याला गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं. "चांगली दिसतीया तुला ही."

"आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "आत पाय ठेवल्या ठेवल्या कळलं. समदंच तसं दिसालतं. मालकाचं तोंड बी."

"मग बोलला का न्हाईत?"

"कसं बोलायचं? तू वही घिऊन उभारलीस, ती मोठी माणसं तुला मॅडम मॅडम म्हणालतीत. आन् बापानं यिऊन सांगायचं, माज्या लेकीला उजेडातलं कळत न्हाय म्हणून?"

"म्हणून डोळे गेले म्हणून सांगितलंत? समद्या गल्लीला?"

"ह्या वयात समद्यांचंच जातात. त्याचं कोण काय म्हणत न्हाय."

"आन् डॉक्टरकडं नेलं तवा? तवा तर सांगायचं!"

"तू नेलीस, मी आलो. तेवढंच तुज्या गाडीतनं फिरलो."

एवढं बोलून ते पुन्हा धाग्याकडे वळले. मी थांबलेल्या मागाच्या फळीवर बसले. ज्या बापाचा एक शब्द शेवटचा असायचा, त्याने माझ्यासाठी स्वतःच्या विरुद्ध शब्द दिला होता, आणि मी त्याला गाडीत घालून आत्मविश्वास शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेले. मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. दिवे चुकीचे निवडले, चूक पूर्ण माझी, आप्पांच्या रंगाला काही झालेलं नव्हतं, दिवे बदलू या आणि दार मोकळं करू या. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मॅडम, आप्पा सोता हितं उभारून बोलल्यात, रंग उतरलाय म्हणून. शहापुरात त्यांच्यापरीस रंग कळणारा माणूस हाय काय? आता तुम्ही म्हणालाय, रंग चांगला हाय. मी कुणाचं ऐकू?"

मी त्यांना हाताला धरून पायरीवर आणलं. आदल्या दिवशीची साडी बरोबर नेली होती, ती उन्हात उलगडली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"चांगली हाय की. पण उन्हात समदंच चांगलं दिसतंय ओ. गिऱ्हाईक एसीत घेतंय."

"गिऱ्हाईक घरी जाऊन उन्हातच नेसणार ना?"

"घरी नेल्यावर मग तेचं तेनं बघायचं."

मी म्हटलं, निदान एका कपाटावरचे दिवे बदलू द्या, माझ्याकडून. त्यांना ते पटेना. एकाच कोपऱ्यात वेगळा उजेड पडला तर दुकान ठिगळ लावल्यासारखं दिसेल, शिवाय संघटनेची माणसं विचारतील, आणि बिल उतरलंय ते पुन्हा कशाला चढवायचं. माझाच अहवाल त्यांना पाठ झाला होता, आणि त्यातली वाक्यं ते मला माझ्यापेक्षा चांगली म्हणून दाखवत होते. शेवटी त्यांनी चहा मागवला आणि फार मायेने, जुन्या ओळखीने म्हणाले, "पोरी, बापासाठी जीव तुटालाय तुजा, मला कळतंय. पण हेच्यात मायेला धरून कसं चालंल? म्हाताऱ्यानं सोता कबूल केलंय."

आजवर मी किती दुकानदारांना सांगितलं असेल की भावनेवर जाऊ नका, जाणकाराचं ऐका. मी तो चहा मुकाट्याने प्यायले.

उरला एकच मार्ग. मी आप्पांना गळ घातली, की तुम्ही माझ्याबरोबर चला आणि मालकांना खरं काय ते सांगा. माझं नाव गेलं तर जाऊ दे. ते काही केल्या उठेनात.

"आता जाऊन काय सांगू? डोळं परत आलं म्हणून?" ते म्हणाले. "एकदा बोललो ते बोललो. तू तुजं काम कर."

माझं काम मी करतेच आहे. निपाणीच्या त्या दुकानदारांना मी यंदा दिवे निवडून दिले, दुसरा आकडा तीनदा वाचून, आणि दाराला स्प्रिंग लावू दिली नाही. ते जरा नाराज झाले, कारण त्यांना बेळगावच्या दुकानासारखं हवं होतं. इकडे आप्पांनी दिवाळीनंतर मागावर पिस्ता रंग चढवला. त्या साड्या मालकांनी एकूण एक ठेवून घेतल्या आणि आणखी मागितल्या. माझ्या दिव्यांखाली पिस्ता फार खुलून दिसतो.